सेल्फचं बटण आणि गाळलेलं पाणी

माझा उजवा हात मनगटातून वाकडा आहे. लोक विचारतात, पडलात का कुठं? मी म्हणतो, हो, पडलो. खरं सांगायला बसलं की माझं डोकं फिरतं, आवाज चढतो आणि समोरचा माणूस चहा अर्धा टाकून उठतो. वय झालं, पण राग काही म्हातारा झाला नाही. म्हणून आज एकदाच सगळं सांगून टाकतो.

निजामाच्या अमलातली गोष्ट आहे. जगातली दुसरी मोठी लढाई अजून सुरू व्हायची होती. मी जालना ते मंठा सर्व्हिस मोटार चालवायचो. मोटार म्हणजे वर ताडपत्री, खाली लाकडी बाकं आणि पुढं एक हट्टी इंजिन. तिला बॅटरी नव्हती. दिवे कार्बाईडचे. डब्यात खडे टाकायचे, त्यावर थेंबथेंब पाणी सोडायचं, गॅस निघाला की काडी लावायची. जरा जोराचा वारा आला की दिवा गेलाच. हॉर्न रबरी फुग्याचा. तो ऐकून बैल बाजूला होण्याऐवजी वळून बघत राहायचे. आणि इंजिन चालू करायचं ते हँडल मारून. मोटारीच्या नाकात लोखंडी हँडल खुपसायचं आणि अंगातली सगळी ताकद लावून फिरवायचं. ठिणगी वेळेआधी पडली तर हँडल उलटा झटका देतं. तसं होऊ नये म्हणून स्टेअरिंगजवळ एक छोटी दांडी असायची. चालू करताना ती मागं ठेवायची, इंजिनानं धरलं की मग पुढं करायची. यात न समजण्यासारखं काही नाही.

एके सकाळी इंजिन धरेना. सवाऱ्या आत बसून ओरडत होत्या. मालक आला, माझ्या जागेवर बसला आणि म्हणाला, "मी दांडी पाहतो, तू मार." मी हँडल मारलं. मालकानं दांडी पार पुढं ढकलून ठेवली होती. मनगटाचा आवाज झाला तो आतल्या सवाऱ्यांनीही ऐकला. मी रस्त्यावर बसून विव्हळत होतो आणि मालक खिडकीतून मान काढून म्हणत होता, "मला वाटलं, पुढं केली की जल्दी चालू होती." माझा हात मोडला आणि याला वाटलं! तो दुसऱ्याच दिवशी नवा ड्रायव्हर घेऊन मंठ्याला गेला.

हाडवैद्यानं हात बांधला, तो जुळला, पण वाकडा जुळला. स्टेअरिंग धरता यायचं, गिअर टाकता यायचा. हँडल मात्र धरलं की बोटांपर्यंत कळ जायची आणि पकड सुटायची. हँडल न मारता येणारा ड्रायव्हर त्या काळात कोण ठेवणार? मी बायकोला घेऊन मंठ्याजवळच्या आमच्या गावी भावाकडं गेलो. तिथंही नांगराचं रुमणं दाबायला मनगटच लागतं. भाऊ चारचौघांत म्हणायचा, "मोटारवाले साहेब, बैलांपुढं वैरण टाकताल का, का त्यालाबी पेट्रोल लागतं?" लोक हसायचे. बायको खालमानेनं भाकरी थापायची. सहा महिने ते अन्न मी कसं गिळलं ते माझं मला माहीत.

मग एका बाजाराच्या दिवशी कळलं, जुन्या जालन्यातल्या एका कापडाच्या व्यापाऱ्यानं नवी मोटार आणली आहे आणि तिला सेल्फ आहे. हँडल मारावंच लागत नाही, पायानं बटण दाबलं की इंजिन आपोआप फिरतं. मी ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे जालन्याची वाट धरली.

शेटजींचं घराणं तीन पिढ्यांमागं मारवाडातून आलेलं. जैन माणसं. घरात त्यांची भाषा, दुकानात आमची, आणि कचेरीत उर्दू. तिन्हीकडं जीभ सारखीच चालायची. शेटजी पन्नाशीला आलेले, बोलायला गोड. त्यांनी मला मोटार गल्लीतून नदीपर्यंत चालवायला लावली, परत आणायला लावली आणि विचारलं, "कुठं काम करत व्हते?"

"मंठ्याच्या सर्व्हिसवर व्हतो तीन साल."

"हातपाय बराबर हाये ना?"

"बिलकुल बराबर, शेटजी."

मी लांब बाह्यांचा सदरा घालून गेलो होतो. पुढं भर उन्हाळ्यातही तोच घालत राहिलो. खोटं बोललो, हे कबूल आहे. पोटासाठी बोललो, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा बोलेन.

त्या मोटारीवर माझा जीव जडला. पायाखालचं बटण दाबलं की घर्रर्र करून इंजिन जागं व्हायचं. पहिल्यांदा दाबलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हे सांगायला मला लाज वाटत नाही. दिवे बटण ओढलं की लागायचे आणि कितीही वारा आला तरी विझायचे नाहीत. हॉर्न विजेचा, असा कडक की बैलगाडीवाला झोपेतून उठून कासरा ओढायचा. समोर एका गोल काचेत काटा होता. काटा एका बाजूला गेला की बॅटरी भरते आहे, दुसऱ्या बाजूला गेला की रिकामी होते आहे. मी रस्त्याइतकंच त्या काट्याकडं बघायचो. कारण बॅटरी होती तोवर सेल्फ होता, आणि सेल्फ होता तोवर मी ड्रायव्हर होतो. बॅटरी गेली की हँडल मारावं लागणार आणि हात उघडा पडणार. मग परत भावाच्या चुलीपुढं.

बॅटरीचं शास्त्र मला एका मिस्त्रीनं शिकवलं. हैदराबादेकडून आलेला मुसलमान माणूस, स्टेशनच्या रस्त्यावर पत्र्याच्या शेडमध्ये बसायचा. बॅटरी माझ्या पायाशीच, लाकडी फळीखाली होती. वर तीन झाकणं. मिस्त्री म्हणाला, "पंधरा दिन में ढक्कन खोल के देख. प्लेटां डूबे सो रहना. पानी कम हुआ तो भाप का पानी डाल. कुएँ का डाला तो मर गई समझ." वाफ धरून केलेलं ते पाणी औषधांच्या दुकानात बाटलीत मिळायचं. मी एक बाटली आणून सीटखाली ठेवली आणि देवाच्या तीर्थासारखी जपली.

एकदा मी फळी काढून झाकणातून पाणी घालत होतो, तर मागं शेटजींच्या आई उभ्या. त्यांना सगळे माँजी म्हणायचे. पांढरं लुगडं, अंगानं काडी, पण सगळं घर त्यांच्या शब्दावर हलायचं. वागायला मायाळू होत्या. माझ्या बायकोला त्यांनी दिवाळीला लुगडं दिलं होतं, हे मी विसरलेलो नाही.

"बेटा, ही काय पाणी पिती का?"

"हो माँजी. आत तेजाब असतो. पाणी आटतं, मंग वरून घालावं लागतं."

"कुठलं पाणी?"

"दुकानातलं, बाटलीतलं."

"कोणी भरलं? गाळलं का?"

मी हसलो आणि म्हणालो, "वाफेचं हाये माँजी, त्याला काय गाळायचं?"

माझं ते हसणं चुकलं. त्या घरात पाणी जाड कापडाच्या दुपदरी गाळण्यातून गाळल्याशिवाय घागरीत पडत नसे. गाळण्याला लागलेले जीव पुन्हा पाणी सोडून अलगद आडात पोचवायचे. प्यायचं पाणी त्यावर उकळायचं. माँजी मोटारीत बसून देवदर्शनाला जायच्या, आणि त्याच मोटारीच्या पोटात कोणीतरी न गाळलेलं पाणी तेजाबात ओततो, म्हणजे त्यातले जीव जाळतो, असं त्यांच्या मनानं घेतलं. मान हलवून आत गेल्या.

त्यानंतर एक नवल घडलं. बॅटरीचं पाणी कमी होईना. पंधरा दिवसांनी फळी काढावी तर तिन्ही घरं काठोकाठ. महिन्यानं पाहावं तरी तेच. भर वैशाखात तेच. फळीखाली थोडी ओल असायची, ती मोटार धुतल्याची असेल म्हणून सोडून दिलं. मी मिस्त्रीला जाऊन फुशारकीनं सांगितलं, "मी अशी चालवतो की पाणीच आटत न्हाई." तो म्हणाला, "ऐसा होता नई." मला वाटलं, जळतो मेला. आपल्या हुशारीवर फुगलेल्या माणसाला नाकाखालचं दिसत नाही, आणि मी तर पार फुगलो होतो.

पावसाळा सरला तसा सेल्फ मंदावला. आधी घर्रर्र व्हायचं, मग घर्र, मग नुसती ओढाताण. दिवे पिवळे पडले. हॉर्नचा घसा बसला. समोरचा काटा दाखवत होता की बॅटरी भरते आहे, पण भरलेलं जातं कुठं ते कळेना. मी मिस्त्रीकडं मोटार नेऊ शकलो असतो. नेली नाही. मिस्त्री दोन दिवस बॅटरी काढून ठेवील, तेवढे दिवस शेटजी हँडल मारायला सांगतील, या धास्तीनं मी गप्प राहिलो. दुकानापुढची गल्ली नदीकडं उतरते. मी मोटार कायम उताराला तोंड करून लावायला लागलो. ब्रेक सोडायचा, गाडी घरंगळली की गिअर टाकायचा, इंजिन धरायचं. कोणाला पत्ता नाही. परगावी गेलं की इंजिन बंदच करायचो नाही. शेटजी म्हणायचे, "बंद कर ना, फुकट कशाला जाळून राह्यला?" मी म्हणायचो, "नवं इंजिन हाये शेटजी, गरम राहिलेलं बरं." रोज एक नवी थाप मारत होतो.

एक दिवस शेटजींना घेऊन मंठ्याला निघालो. वाटेत मेंढरांचा कळप आडवा आला. मी थांबलो, आणि इंजिन एक आचका देऊन बंद पडलं. चहूकडं सपाट काळं रान, उतार औषधाला नाही. बटण दाबलं. टक. पुन्हा दाबलं. टक.

"हँडल मार," शेटजी म्हणाले.

मी उतरलो. डाव्या हातानं मारून पाहिलं, अर्धा फेराही जाईना. मग दोन्ही हात लावले. उजव्या मनगटातून अशी कळ गेली की हँडल सुटलं आणि मी बंपरवर आपटलो. मेंढपाळ बघत उभे. शेटजी खाली उतरले, माझी बाही त्यांनी स्वतःच वर सरकवली आणि मनगट पाहिलं.

"कवापासून?"

"तुमच्याकडं यायच्या आधीपासून."

त्यांनी कोट काढून माझ्या हातात दिला, धोतराचा काचा आवळला आणि त्या कापडाच्या व्यापाऱ्यानं दुसऱ्या फेऱ्यात इंजिन चालू केलं. मी मालकाचा कोट धरून उभा होतो. एवढी शरम मला भावाच्या घरीही वाटली नव्हती. मंठा राहिलं, आम्ही परत फिरलो.

घरी आल्यावर शेटजींनी मिस्त्रीला बोलावलं. माँजी मंदिरात गेल्या होत्या. मिस्त्रीनं फळी काढली, झाकणं उघडली, बोट बुडवून जिभेला लावलं आणि थुंकला. "तेजाब तो बह गया, सब पानीच पानी. और वो भी खारा. प्लेटां खतम. कौन डाल रा पानी?"

"कोणीच न्हाई," मी म्हणालो. "लागतच नव्हतं."

शेटजींचा चेहरा उतरला. हळू आवाजात म्हणाले, "माँ डालती थी." दर अष्टमीला आणि चौदसला सकाळी, मी जेवायला गेलो की, माँजी छोटा तांब्या घेऊन मोटारीपाशी जायच्या. शेटजींनी दोनतीनदा पाहिलं होतं. त्यांना वाटलं, पूजा करते आहे. यालाही वाटलं! माझ्या नशिबातल्या सगळ्या मालकांना काहीतरी वाटतच होतं.

"पर माँ तो उबाल के, छान के डालती," शेटजी म्हणाले.

मिस्त्री हसला. "सेठ, छानने से नमक जाता क्या? उबाले तो और गाढ़ा होता." त्यानं बॅटरी उचलली आणि नवी मागवायला सांगून तो गेला.

अंगणात आम्ही दोघंच उरलो. शेटजी माझ्याजवळ आले. म्हणाले, "हे माँला सांगता येणार न्हाई. मागं दारात पाल चिरडली तर तीन दिवस अन्नाला शिवली न्हवती. तिच्या पाण्यानं बिघाड झाला म्हणलं तर हाय खाईल." मग माझ्या मनगटाकडं पाहत म्हणाले, "हाताचं मी विसरतो. पाण्याचं तू अंगावर घे."

मला क्षणभर तो माणूस देव वाटला. हात वाकडा आहे हे कळूनही ठेवतो आहे, आणि मागतो काय, तर चार शब्द. नवी बॅटरी येईल, सेल्फ चालेल, आता लपवायचंही काही नाही. मी म्हणालो, "सांगतो मी."

माँजी आल्या. शेटजी म्हणाले, बॅटरी गेली, पाणी खराब होतं. माँजींनी माझ्याकडं पाहिलं. मी हात जोडून म्हणालो, "चुकलं माँजी. बाटलीतलं सरलं, मंग मी आडाचं पाणी घालत गेलो."

"गाळून?"

आता गाळून म्हटलं तर पाणी खराब कसं झालं? मी म्हणालो, "न्हाई. तसंच."

त्या मटकन खाली बसल्या. "किती दिवस?"

"चार-पाच महिने."

डोळे मिटून त्या काहीतरी पुटपुटत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी गाळून घालायची, अन् तू माघारी कच्चं घालायचा. रोज तेजाबात जीव टाकले, बेटा. एक न्हाई, दोन न्हाई." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "मला तुझा राग न्हाई. पण तुझ्या हातच्या मोटारीत बसून मी देवापुढं कशी जाऊ? तू दुसरीकडं काम पाहा."

मी शेटजींकडं पाहिलं. आता ते बोलतील, माँ, राहू दे, गरीब माणूस आहे, एवढं तरी म्हणतील. शेटजी मोटारीच्या दिव्याची काच उपरण्यानं पुसत होते. स्वच्छ काच, पुसायला तिच्यावर काही नव्हतं. मी "शेटजी" म्हणून हाक मारली. ते म्हणाले, "माँ म्हणती ते बराबर हाये." दुकानात हजारोंच्या व्यवहारात शब्द राखणारा तो माणूस. त्याचा शब्द अर्धा तासही टिकला नाही.

मग माझाही तोल गेला. मी ओरडलो, "माँजी, ते पाणी तुमचं होतं! तुमच्या तांब्यातलं! मी एक थेंब घातला न्हाई. शेटजींनी मला बोलायला लावलं!"

माँजींच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्या कीवेनं. म्हणाल्या, "आत्ता हात जोडून कबूल केलं तू. अन् काम जाताना माझ्यावर, माझ्या लेकावर टाकतो? गाळलेल्या, उकळलेल्या पाण्यानं कधी काही बिघडतं का? चूक माफ होती, बेटा. खोटं नको बोलू."

आधीचं खोटं त्यांनी एका शब्दात खरं मानलं होतं, आणि खरं बोललो ते खोटं ठरलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. मिस्त्रीला साक्षीला आणायचं म्हटलं, तर त्याचं निम्मं पोट शेटजींच्याच मोटारीवर होतं.

मी निघालो तर माँजींनी थांबवलं. त्या घरातून कोणी उपाशी जात नसे. त्यांनी मला ओसरीवर बसवलं आणि स्वतःच्या हातानं वाढलं. गरम फुलके, डाळ, वर तूप. शेटजी माझ्या समोरून दुकानात निघून गेले. ताट भिरकावून द्यावं असं शंभरदा मनात आलं. पण सकाळपासून पोटात काही नव्हतं, आणि दुसऱ्या दिवशीपासून भावाची भाकरी होती. मी खाली मान घालून जेवलो. माँजींनी विचारलं, "आणखी वाढू का?" आणि मी म्हणालो, "वाढा."